मंडईची रात्र

दिवाळीचे दिवे आश्विन अमावास्येला सर्वत्रच उजळतात. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत, उजेडाचा खरा उत्सव त्यानंतर सुरू होतो. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरू लागते. प्रत्येक गावाचा दिवस निराळा असतो. त्यामुळे आज जो पाहुणा म्हणून शेजारच्या गावी जेवतो, तोच चार दिवसांनी यजमान होऊन त्या घरच्यांना आपल्या दारी बोलावतो.

हे दिवस थोड्याशा सवडीचे असतात. हलक्या धानाची कापणी उरकलेली असते. जड धान अजून शेतात उभे असते. मात्र अशा वेळी अवकाळी पाऊस आला तर बांधीत पसरलेल्या कडपा भिजतात, दाणा काळा पडतो आणि त्या वर्षी मंडईचाही रंग फिका पडतो. म्हणून घरातील वडील माणसे बाजाराला निघण्यापूर्वी एकदा आभाळाकडे पाहून घेतात.

सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात. दुपारी सारे घर बाजारात लोटते. शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकाने, आकाशपाळणे! गोवारी बांधव मोरपिसांनी सजवलेल्या ढाली नाचवीत येतात, तेव्हा गर्दी आपोआप दुभंगून वाट देते. आजोबांचे बोट सुटलेले एखादे पोर त्याच क्षणी रडू लागते, आणि त्याला शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

दिवस मावळला की सर्वांचे लक्ष गावाबाहेरच्या मंडपाकडे लागते. तेथे नाटक असते. झाडीपट्टीत नाटकावाचून मंडई पुरी होत नाही. पूर्वी येथे दंडार होई. वीज नसल्यामुळे टेंभ्यांच्या उजेडात सोंगे नाचत. पुढे गॅसबत्त्या आल्या, आणि आता रंगीबेरंगी विजेच्या माळा दूरच्या शिवारातूनही दिसतात. एरवी जेथे काजव्यांखेरीज काही चमकत नाही, तेथे तो प्रकाश पाहून मुलांची पावले आपोआप भरभर पडू लागतात.

या वाटा मात्र वाघांच्याही आहेत. ब्रह्मपुरीकडील रानात वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो, आणि त्याने माणसे मारल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून नाटकाला कोणी एकटादुकटा निघत नाही. पूर्वी छकड्यांची रांग निघे. आता ट्रॅक्टरमध्ये तणस पसरून त्यावर सारे कुटुंब बसते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, हे या दृष्टीने सोयीचेच आहे. अंधारात परतण्याचा प्रश्नच उरत नाही.

या नाटकांचे माहेरघर म्हणजे देसाईगंज, अर्थात वडसा. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावात अनेक नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरवते. वादक रंगमंचासमोर बसून प्रत्यक्ष वाजवतात, नट स्वतः गातात; आवडलेल्या गाण्याला प्रेक्षक पुन्हा म्हणावयास लावतात. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर ५,००० हून अधिक प्रयोग केले. त्यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ हा सन्मान मिळाला.

नटांची, वादकांची, पडदे बांधणाऱ्यांची वर्षाची मिळकत बहुतांशी या चार-पाच महिन्यांवर अवलंबून असते. २०२० च्या दिवाळीनंतर करोनाच्या साथीमुळे निर्बंध आले आणि मंडप अंधारात राहिले. जे हात तबल्यावर फिरत, ते पोटासाठी दुसऱ्यांच्या बांधीत राबले. साथ ओसरल्यावर मंडळ्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्या प्रयोगांना आलेल्या प्रेक्षकांत आनंद होता, तसा थोडा सुटकेचा निःश्वासही होता.

लहान मुले पहिल्या अंकातच झोपी जातात, ही गोष्ट वेगळी. आई त्यांच्यावर घोंगडी टाकते. मधूनच ढोलकीच्या थापेने एखादे दचकून उठते, झगमगत्या रंगमंचाकडे पाहते आणि ‘राजा मेला का?’ असे विचारून पुन्हा मान टाकते.

पहाटे शेवटचा पडदा पडतो. दिव्यांच्या माळा विझतात; धुक्यात पूर्व दिशा तांबूस होऊ लागते. ट्रॅक्टर गावाकडे वळतो. लेकी आईच्या खांद्यावर मान ठेवून डुलक्या घेत असतात. बाबा मात्र वाटेत आपल्या बांधीपाशी उतरतात आणि कडप हातात घेऊन ती दवाने कितपत भिजली आहे, हे पाहतात.