जुन्या हवामान उपग्रहांचा नवा उपयोग

वय झालेल्या बैलास नांगरास न जुंपता कोळपणीसारख्या हलक्या कामास लावणे, ही शेतकऱ्याची जुनी रीत आहे. हवामान उपग्रहांच्या बाबतीतही हेच तत्त्व अवलंबिले जाते. ठरलेली मुदत संपली म्हणजे उपग्रह निकामी झाला असे नव्हे. त्याच्या जागी नवा उपग्रह आला की जुन्यास दुसऱ्या प्रदेशावर नेऊन तेथील ढग, धूळ व धूर ह्यांची पाहणी करून घेता येते. हिंदी महासागरावर १९९८ पासून असे काम चालू आहे. त्याचा महाराष्ट्रातील शेतीशी संबंध काय व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

उपग्रहास वार्धक्य कसे येते

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीच्या गतीबरोबरच तो फिरत असल्यामुळे एकाच जागी स्थिर भासतो. परंतु सूर्य व चंद्र ह्यांच्या ओढीमुळे त्याची कक्षा हळूहळू कलू लागते. ती सरळ राखण्यातच त्याचे बहुतेक इंधन खर्ची पडते. इंधन थोडे उरले म्हणजे हे काम सोडून देतात. उरलेले इंधन उपग्रहास नेमलेल्या रेखांशावर ठेवण्यासाठी आणि अखेरीस वापरातील कक्षेबाहेर, अधिक उंचीवर नेऊन सोडण्यासाठी राखून ठेवितात. कक्षा कलल्यामुळे उपग्रह दररोज उत्तर-दक्षिण डोलू लागतो व चित्रे सरकतात. मात्र हा दोष जमिनीवर गणिताने दुरुस्त करता येतो. यंत्रांची दृष्टीही कालांतराने मंदावते. म्हणून ज्यांची चमक फारशी बदलत नाही अशा वाळवंटी प्रदेशांशी चित्रे ताडून पाहतात.

हिंदी महासागरावरील पाळी

युमेटसॅट ही युरोपीय देशांची हवामान उपग्रह संघटना आहे. तिचे मुख्य उपग्रह शून्य रेखांशावर, म्हणजे युरोप व आफ्रिका ह्यांच्या समोर असतात. तेथून पाहता महाराष्ट्र चित्राच्या अगदी कडेला येतो व तेथील तपशील कळत नाही. १९९१ मध्ये सोडलेला मेटिओसॅट-५ हा उपग्रह १९९८ मध्ये ६३ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला. १९९९ च्या प्रारंभी झालेल्या ‘इंडोएक्स’ ह्या आंतरराष्ट्रीय प्रयोगास साहाय्य करणे, हा त्याचा हेतू होता. दक्षिण आशियावरून समुद्राकडे वाहत जाणाऱ्या धुरकट कणांच्या थराचा अभ्यास त्या प्रयोगात करण्यात आला. प्रयोग संपला, तरी उपग्रह २००७ पर्यंत तेथेच राहिला. पुढे मेटिओसॅट-७ ने २०१७ पर्यंत, मेटिओसॅट-८ ने २०१६ ते २०२२ पर्यंत काम केले व २०२२ मध्ये मेटिओसॅट-९ ने त्याची जागा घेतली. हे सर्व उपग्रह प्रथम अन्यत्र सेवा करून मग येथे आले.

काय दिसते

मेटिओसॅट-५ व ७ हे दर अर्ध्या तासाने तीन प्रकारची चित्रे देत. मेटिओसॅट-८ व ९ ह्यांच्यावरील यंत्र दर पंधरा मिनिटांनी बारा प्रकारची चित्रे घेते. निरनिराळ्या लांबीच्या अवरक्त किरणांतील फरक पाहून धूळ व ढग वेगळे ओळखता येतात. तेही रात्रीच्या वेळी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेली धूळ गुजरातवरून मुंबईपर्यंत पोहोचली होती. कोकणात हा आंब्याच्या मोहोराचा काळ असतो. अशी धूळ समुद्रावर असतानाच तिचा माग लागल्यास पूर्वसूचना देणे शक्य होते.

मर्यादा

ह्या यंत्राच्या बहुतेक चित्रांतील एक ठिपका उपग्रहाच्या थेट खाली ३ किलोमीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे एका ठिपक्यात ९०० हेक्टर क्षेत्र येते. तिरप्या दृष्टीमुळे महाराष्ट्रात ते याहूनही मोठे होते. सबब एका शेताविषयी असे चित्र काही सांगू शकत नाही. दुसरे असे की, अवरक्त चित्र ढगाच्या माथ्याचे तापमान दाखविते, पाऊस मोजीत नाही. माथा अतिशय थंड असला तरी खाली पाऊस पडेलच असे नाही. उलट सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कमी उंचीच्या ढगांतूनही मुसळधार पाऊस पडतो व चित्रावरून त्याचा अंदाज कमी येतो.

पाहुण्या उपग्रहावर कायम विसंबता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याला कोठे ठेवावयाचे, हे त्याचा मालक ठरवितो. भारताने स्वतःचे उपग्रहही उभारले. सात वर्षांसाठी योजिलेल्या कल्पना-१ ने २००२ पासून सुमारे पंधरा वर्षे सेवा दिली. त्यानंतर २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर व २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस सोडण्यात आले.

शेतकऱ्यांनी काय करावे

चित्रात ढग दाटलेले दिसले म्हणून पेरणीची घाई करू नये. कोरडवाहू खरिपासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी आपल्या महसूल मंडळातील हवामान केंद्राची नोंद पाहावी, व शक्य तेथे गावात पर्जन्यमापक ठेवून दररोज सकाळी ठरावीक वेळी वाचन लिहून ठेवावे. चित्रावरून चुकीचा अंदाज बांधल्यास बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. आकाशातील चित्र विस्तृत प्रदेशाची हवा दाखविते. शिवारातील पाऊस मात्र पर्जन्यमापकच सांगतो. दोहोंची सांगड घालूनच निर्णय घ्यावा.