रोजमेळ खोडायचा नसतो

लेकरा, टीम लीड झालास, चांगलं झालं. उद्या नंदीग्राम एक्सप्रेसनं मुंबईला निघशील, त्याआधी चार गोष्टी ऐकून घे. बॅकएंडची कामं मी वीस वर्षं केली, पण पहिला धडा इथंच मिळाला, हिमायतनगरात, आडतीच्या ओट्यावर.

तिथला मुनीम रोजमेळात चुकलेला आकडा कधी खोडत नसे. खाली उलट नोंद टाकायचा. पैशांचं टेबल तसंच ठेव. शिल्लक थेट बदलू नको, जमा-नावेच्या नोंदी घाल. वाद आला की वहीच उत्तर देते.

रेंज गेली की गिऱ्हाईक पैसे पाठवायचं बटण तीनदा दाबतं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक दे. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे कापू नको, पहिलंच उत्तर परत दे.

वेळ यूटीसीत साठव, दाखवताना साडेपाच तास मिळव. जुन्या कोडात वेळ 32 बिटांत असेल तर आत्ताच शोध. 19 जानेवारी 2038 ला, आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, तो आकडा भरतो.

चालू डेटाबेसवर पोस्टग्रेसचा इंडेक्स टाकताना ‘कॉन्करंटली’ लिहायला विसरू नको. मी एका शुक्रवारी संध्याकाळी विसरलो. इंडेक्स होईपर्यंत टेबलात एक नोंद जाईना. तेव्हापासून शुक्रवारी मी काही चढवत नाही.

बॅकअप घेतला म्हणू नको, परत उतरवून पाहिला म्हण. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, एकही धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी हातानं काढलेली एक प्रत होती, तिनं तारलं. पुढं त्यांनी सगळा प्रकार लिहून जगापुढं ठेवला, त्या माणसाचं नाव मात्र घेतलं नाही. हे लीडनं शिकावं. चूक झाली की ‘कुणी केलं’ विचारू नको, ‘हे होऊ कसं शकलं’ विचार. पोरं मग लपवत नाहीत.

आणि जे तुझ्या डोक्यात आहे ते लिहून ठेव. सर्व्हर पडला तर आधी काय बघायचं, कुणाला उठवायचं, सगळं. कालच आलेल्या पोराला वाचून कळलं पाहिजे.

महाशिवरात्रीला इथल्या परमेश्वर मंदिराच्या यात्रेला ये, लॅपटॉप मुंबईतच ठेवून. दोन दिवस तुझ्यावाचून काही अडलं नाही, तर समज कानमंत्र लागू पडला.