लघु संकेतनामांचे भावी मोल

तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरील जागेला जो भाव येतो, तो गावाबाहेरील माळाला येत नाही. जमिनीच्या व्यवहारातील हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवर, म्हणजे महाजालावर, अशाच एका नव्या प्रकारच्या ‘जागे’चा बाजार उभा राहिला आहे. ही जागा म्हणजे संकेतनाम, अर्थात डोमेन नेम. एक, दोन वा तीन अक्षरांच्या काही नामांना कोट्यवधी रुपये मिळाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे ‘आज आखूड नाव नोंदवून ठेवावे, उद्या त्याचे सोने होईल’ असा समज अनेकांच्या मनात रुजला आहे. या समजात तथ्य किती व भ्रम किती, याचा विचार होणे अगत्याचे आहे. शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी संस्था यांची नावेही याच व्यवस्थेत नोंदली जात असल्याने हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही.

संकेतनामाचे स्वरूप

महाजालाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता असतो. हे अंक माणसाच्या लक्षात राहणे कठीण. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस या शास्त्रज्ञाने अंकांऐवजी नावे वापरण्याची पद्धत आखली. ‘कॉम’ या अंत्यपदाखालील पहिले नाव, ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’, १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. आरंभी नोंदणीस शुल्क नव्हते. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारणी सुरू झाली. १९९८ मध्ये या व्यवस्थेच्या समन्वयासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. भारताच्या ‘इन’ या अंत्यपदाचे काम ‘निक्सी’ ही संस्था पाहते आणि २००५ पासून त्याखालील नोंदणी सर्वसामान्यांस खुली आहे.

येथेच एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संकेतनाम विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीच्या वापरासाठी मिळते. ‘कॉम’सारख्या अंत्यपदांखाली ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. नूतनीकरण चुकल्यास काही दिवसांच्या सवलतीनंतर नाव मोकळे होते आणि ते कोणीही घेऊ शकतो. म्हणजेच हा सातबारावरील मालकी हक्क नसून भाडेपट्ट्यासारखा हक्क आहे.

दुर्मिळतेचे गणित

आखूड नावांना भाव का येतो, हे साध्या गुणाकाराने कळते. रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत. त्यांपासून दोन अक्षरी नावे २६ × २६, म्हणजे केवळ ६७६ होतात. तीन अक्षरी नावे १७,५७६, चार अक्षरी ४,५६,९७६ आणि पाच अक्षरी १,१८,८१,३७६ होतात. दहा अंकांचाही वापर धरला तरी तीन चिन्हांची नावे ४६,६५६ इतकीच भरतात. प्रत्येक अक्षरागणिक संख्या सव्वीस पटींनी वाढते; उलट एकेक अक्षर कमी करत गेल्यास पुरवठा झपाट्याने आटतो. ‘कॉम’ अंत्यपदाखाली आज पंधरा कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत, हे पाहता तीन अक्षरी नावांचा साठा किती तोकडा आहे याची कल्पना येते. एक अक्षरी नावांची नोंदणी तर १९९३ मध्येच थांबविण्यात आली. त्यापूर्वी ‘कॉम’खाली नोंदली गेलेली क्यू, एक्स व झेड ही तीनच नावे वापरात राहिली.

माध्यमिक शाळेत घातांक शिकविताना हे उदाहरण घेता येण्याजोगे आहे. तथापि गणित येथे केवळ पुरवठा सांगते. मागणी किती असेल, हे ते सांगत नाही.

किंमत कशी ठरते?

प्रत्यक्ष झालेले व्यवहार पाहिले असता एक समान सूत्र दिसते. २०१० मध्ये फेसबुक कंपनीने ‘एफबी डॉट कॉम’ हे नाव अमेरिकेतील एका शेतकरी महासंघाकडून ८५ लाख डॉलरना घेतले. त्या महासंघाच्या इंग्रजी नावात ‘फार्म ब्यूरो’ हे शब्द असल्याने ती दोन अक्षरे त्याच्याकडे आधीपासून होती. २०१४ मध्ये जपानच्या जीएमओ इंटरनेट कंपनीने ‘झेड डॉट कॉम’ सुमारे ६८ लाख डॉलरना घेतले. २०१५ मध्ये चीनच्या चिहू ३६० या कंपनीने ‘३६० डॉट कॉम’साठी १ कोटी ७० लाख डॉलर मोजले. या प्रत्येक व्यवहारात नेमके तेच नाव हवे असलेला आणि मोठी रक्कम देऊ शकणारा एक विशिष्ट ग्राहक होता. शेतकरी महासंघाने ते नाव नफ्यासाठी साठवून ठेवले नव्हते. ते त्याच्या नेहमीच्या वापरातले होते.

शिवाय आखूडपणा हेच एकमेव मोल नव्हे. २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना विकले गेलेले ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव पाच अक्षरांचे आहे. पण तो इंग्रजीतील अर्थपूर्ण शब्द आहे. ‘क्यूझेडएक्स’ अशा निरर्थक जुळणीस ग्राहक मिळेलच, असे नाही.

२०१५–१६ मधील चीनमधील लाट या दृष्टीने उद्बोधक आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना आद्याक्षरे म्हणून व्यंजनेच सोयीची ठरतात. म्हणून स्वर व ‘व्ही’ वगळून उरलेल्या २० अक्षरांची चार अक्षरी नावे, म्हणजे एकूण १,६०,०००, गुंतवणुकीची वस्तू बनली. ती वापरण्यासाठी नव्हे, तर पुढे विकण्यासाठी घेतली जाऊ लागली. भाव झपाट्याने चढले आणि २०१६ मध्ये उतरले. पुरवठा तोच होता; अखेरचा खरा ग्राहक मात्र नव्हता.

भविष्यावर परिणाम करणाऱ्या बाबी

पहिली बाब पर्यायांची. २०१२ मध्ये नव्या अंत्यपदांसाठी आयकॅनकडे १,९३० अर्ज आले आणि त्यांतून हजाराहून अधिक नवी अंत्यपदे सुरू झाली. ‘कॉम’खालील तीन अक्षरी नावे वाढलेली नाहीत, पण नव्या संस्थेला अन्यत्र आखूड नाव मिळू शकते.

दुसरी बाब वापराच्या सवयींची. आज बहुसंख्य लोक पत्ता टंकलिखित करीत नाहीत. ते शोधयंत्रात शब्द टाकतात, भ्रमणध्वनीवरील ॲप उघडतात किंवा दुकानातील क्यूआर चिन्ह टिपतात. त्यामुळे आखूड पत्त्याची सोय पूर्वीइतकी निर्णायक राहिलेली नाही. ई-मेल, जाहिरात आणि प्रतिष्ठा यांसाठी मात्र तिचे महत्त्व टिकून आहे.

तिसरी बाब अंत्यपदाच्या स्थैर्याची. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या छोट्या बेटाला ‘एआय’ हे देशदर्शक अंत्यपद मिळालेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी आद्याक्षरांशी ते जुळल्याने २०२३ मध्ये बेटाच्या शासकीय महसुलाचा पाचवा हिस्सा त्यातून आला. याउलट युगोस्लाव्हिया हे राष्ट्र न उरल्याने त्याचे ‘वाययू’ अंत्यपद २०१० मध्ये बंद झाले आणि त्याखालील सर्व नावे संपुष्टात आली.

चौथी बाब कायद्याची. दुसऱ्याच्या नावलौकिकावर डोळा ठेवून केलेली नोंदणी टिकत नाही. ‘रेडिफ’शी साधर्म्य असलेल्या ‘रॅडिफ’ या नावाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अशा वापरास मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संकेतनामास व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. ‘इन’ अंत्यपदासाठी स्वतंत्र तंटानिवारण पद्धतीही आहे.

साठवणुकीचा खर्च

समजा, एखाद्याने शंभर नावे नोंदविली व प्रत्येकाचा वार्षिक खर्च एक हजार रुपये धरला. दहा वर्षांत दहा लाख रुपये खर्ची पडतील. त्यांपैकी दहा नावे विकली गेली, तर केवळ मुद्दल सुटण्यासाठी प्रत्येकी सरासरी एक लाख रुपये मिळावे लागतील. व्याज व मध्यस्थाची दलाली वेगळीच. पडीक जमिनीत निदान गवत उगवते. न वापरलेल्या नावाचे मात्र दरसाल शुल्कच भरावे लागते. सारांश, ‘कॉम’खालील दोन-तीन अक्षरी नावांचे मोल टिकण्याची शक्यता अधिक आहे, परंतु ती नावे पूर्वीच नोंदली गेली आहेत. आज स्वस्तात मिळणाऱ्या इतर नावांना तोच भाव येईल, हे अनुमान निराधार ठरते.

संस्थांनी घ्यावयाचा बोध

सार्वजनिक संस्थांसाठी नावाचे खरे मोल विक्रीत नसून विश्वासात आहे. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रात येण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. पत्ता थोडा लांबला तरी चालेल. ग्राहकाला खरी बँक ओळखता आली पाहिजे. शासकीय कार्यालयांसाठी ‘जीओव्ही डॉट इन’ आणि शिक्षणसंस्थांसाठी ‘एसी डॉट इन’ व ‘एज्यु डॉट इन’ ही क्षेत्रे राखीव आहेत. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘भारत’ हे अंत्यपदही उपलब्ध असून त्याखाली मराठी नावे नोंदविता येतात.

ज्या संस्थेचे स्वतंत्र संकेतनाम आहे, तिने पुढील दक्षता घेणे इष्ट ठरेल. नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावे नसावी. नोंदणीसाठी दिलेला ई-मेल संस्थेचा असावा व त्याचा परवलीचा शब्द दप्तरी सुरक्षित ठेवावा. नूतनीकरणाची तारीख मालमत्ता नोंदवहीत लिहावी व शुल्काची तरतूद अंदाजपत्रकात करावी. पदभार सोपविताना किल्ल्या व दप्तराबरोबर या नोंदीही सोपवाव्यात.

मुदत संपलेले शाळेचे नाव दुसऱ्याने घेतले, तर पालक जुन्याच पत्त्यावर जातील आणि तेथे काय दिसेल यावर शाळेचे नियंत्रण राहणार नाही. परक्या नावाच्या भावी किमतीची आशा करण्यापेक्षा स्वतःच्या नावाचे वेळेवर नूतनीकरण करणे, हाच संस्थांच्या दृष्टीने हिताचा व्यवहार होय.