घराची पन्हळ निवडताना : आजची गरज आणि उद्याची विक्री

महाड, खेड, चिपळूण, दापोली या भागांतील आपल्या अनेक बांधवांनी आखाती देशांतील कमाईतून गावी घरे बांधली. त्यांतील बरीच घरे आज विक्रीला निघतात. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात स्थायिक होतो, तर कोठे वडिलांच्या पश्चात भावा-बहिणींचे हिस्से वाटायचे असतात. अशा वेळी घराला दहा-वीस हजार जरी कमी आले तरी ते प्रत्येक वारसाच्या हक्कातून कमी होतात. म्हणून घर बांधताना किंवा दुरुस्त करताना विक्रीचा विचार करणे ही हाव नसून व्यवहारज्ञान आहे.

गिऱ्हाईक काय पाहते?

कोणीही पन्हळ पाहून घर घेत नाही. पण पन्हळ बिघडल्याच्या खुणा पाहून सौदा मोडतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिलीमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटर पाणी वळचणीला येते. ते पन्हळीतून न जाता पागोळ्यांनी जोत्यालगत पडले की उडालेल्या शिंतोड्यांनी भिंत भिजते. चिरा पाणी ओढतो, गिलाव्याचे पोपडे निघतात, शेवाळ धरते, वाशांच्या टोकांना कूज लागते. जाणते गिऱ्हाईक आधी या जागा न्याहाळते. म्हणजे पन्हळीवरचा खर्च पन्हळीच्या किमतीतून वसूल होत नसून कोरड्या भिंतीतून होतो.

कोणता माल कोठे?

जस्ती पत्रा : स्वस्त आणि गावचा पत्रेवालाही बनवून देतो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे ध्यानात ठेवावे. २६ गेज साधारण अर्धा मिलीमीटर, तर २४ गेज त्याहून जाड. समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्ताचा थर लवकर झिजतो आणि गंज कापलेल्या कडांपासून व सांध्यांपासून सुरू होतो. नव्या जस्ती पत्र्यावर साधा रंग धरत नाही. आधी त्यासाठीचा प्रायमर लावावा लागतो.

रंगीत पत्रा : पोलादावर जस्त किंवा जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि वर कारखान्यात दिलेला रंग असतो. दिसायला नीटस. किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांना योग्य. कापलेल्या कडा मात्र रंगवून घ्याव्यात.

पीव्हीसी : गंजत नाही, म्हणून खाडीकाठी व किनाऱ्यावर सोयीची. मात्र उन्हाने फुगते. १० मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ सेंटीमीटर वाढते. सांध्यात तेवढी मोकळीक ठेवली नाही तर ती वाकते व गळते. दर दोन फुटांवर आधार हवा आणि उन्हात टिकणारा, खास पन्हळीसाठी बनवलेला मालच घ्यावा.

अ‍ॅल्युमिनियम : हलके व टिकाऊ, पण महाग. ओल्या सिमेंटचा स्पर्श त्याला बाधतो. तांब्यावरून आलेले पाणी त्यात पडू देऊ नये.

सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉस : जुन्या घरांवर दिसते. याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ती स्वतः फोडू किंवा कापू नये. अशी पन्हळ असल्यास गिऱ्हाइकाला तसे सांगावे.

हिशेब कसा मांडावा?

केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ. एक पन्हळ १२,००० रुपयांची, ६ वर्षे टिकणारी. दुसरी २०,००० रुपयांची, १६ वर्षे टिकणारी. पहिलीचा वार्षिक खर्च २,००० रुपये, दुसरीचा १,२५०. घर दहा वर्षांनी विकायचे असेल तर पहिली मधेच एकदा बदलावी लागेल. दुसरी त्या दिवशीही चांगली असेल. मात्र घर याच वर्षी विकायचे असेल तर भारी पन्हळ बसवून भाव वाढेल या भ्रमात राहू नये. तेव्हा गळके सांधे, तुटलेले आधार आणि उतार दुरुस्त करणे पुरेसे असते.

उताराकडे बहुधा दुर्लक्ष होते. १० मीटरला ५ सेंटीमीटर उतार ठेवावा. लांब पन्हळीला एकाच टोकाला पाईप देण्यापेक्षा दोन्ही टोकांना चार इंची पाईप द्यावा आणि पाणी जोत्यापासून दूर न्यावे. माल कितीही उत्तम असला तरी उतार चुकला तर पाणी साचते, पालापाचोळा कुजतो. मृगापूर्वी एकदा व पावसाळ्यात मधूनमधून पन्हळ साफ करावी. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील कित्येक घरांची छपरे उडाली. म्हणून आधाराच्या पट्ट्या सडक्या फळीवर न ठोकता भक्कम लाकडावर किंवा भिंतीत बसवाव्यात.

ओल झाकू नका

विक्रीपूर्वी ओल्या भिंतीला घाईने गिलावा व रंग मारून उन्हाळ्यात घर दाखवण्याची युक्ती काही जण सुचवतात. येथे मोमिनाची कसोटी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर फिकहनुसार गिऱ्हाइकाला सौदा परत करण्याचा अधिकार राहतो.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. पन्हळ वेळेत दुरुस्त करा, एक पावसाळा जाऊ द्या आणि शक्य असेल तर घर भर पावसात दाखवा. कोरडी भिंत हीच तुमची जाहिरात. जी ओल राहिली असेल ती स्वतःहून दाखवा व त्याप्रमाणे भाव ठरवा. रक्कम थोडी कमी येईल, पण वारसांच्या हाती जाईल ती हलाल असेल आणि इन्शाअल्लाह तिच्यात बरकत असेल.