निष्णात कोणास म्हणावे?

मागे नागपुरास महालात एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. पत्रिकेत आमच्या नावामागे 'कीर्तननिष्णात' असे छापलेले. खरे सांगावयाचे तर वाचून आम्हांस बरे वाटले. तेवढ्यात एका म्हाताऱ्या टाळकरीबुवांनी विचारले, "महाराज, निष्णात म्हंजे काय जी?"

आम्ही म्हणालो, "मूळ अर्थ, न्हालेला."

"मंग आमी तं दरसाल चंद्रभागेत न्हातो. आमी बी निष्णातच झालो न जी!"

सारे हसले. पण बुवांचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

'स्ना' म्हणजे नाहणे. त्यास 'नि' हा उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध होतो. परंतु भगवान पाणिनींनी अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात मोठी मौज सांगितली आहे. कौशल हा अर्थ असेल तरच येथे 'स'चा 'ष' होतो. नुसता न्हाला तो निस्नात. मुरला तो निष्णात. 'नदीष्ण' शब्दाचेही तसेच. नदीत न्हाला तो नदीस्नात, नदी जाणतो तो नदीष्ण. आषाढीस वाळवंटात बुडी मारणारे लाखो. पण उतार कोठे आणि डोह कोठे, हे नावाड्यास विचारावे. पाणी एकच, बुडीही तीच. फरक पडतो तो रोजच्या राबत्याने.

आता हे कौशल कोणाचे? काशिकावृत्तीने निष्णाताची उदाहरणे दिली, ती शास्त्रीपंडितांची नव्हेत. एक चटई विणणाऱ्याचे, दुसरे दोर वळणाऱ्याचे! आपल्या संप्रदायास हे नवे नाही. तेरचे गोरोबा मडकी घडवीत, अरणचे सावतोबा मळा राखीत. हातचे काम आणि मुखी नाम, दोहोंत ते न्हालेले होते.

म्हणून हा शब्द वापरताना आधी विचारावे, 'कशात निष्णात?' त्याचे उत्तर नसेल तर शब्द पोकळ जाणावा. दुसरे असे की, हा शब्द लोकांनी द्यावा, आपण मागू नये. एखाद्या पोराने चार महिने मृदंग वाजविला की लगेच त्यास निष्णात म्हणू नये. त्याचे न्हाणे अर्धेच राहते.

त्या रात्रीचे सांगून पुरे करतो. 'निष्णात' शब्दावरच निरूपण रंगले, आणि त्या भरात आम्ही अभंगाचे ध्रुपदच विसरलो! क्षणभर आम्ही गप्प. तोच त्या म्हाताऱ्या बुवांनी, न सांगता, ध्रुपद उचलले आणि टाळ न चुकविता आम्हांस जागेवर आणून ठेवले. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

पुढल्या पत्रिकेतून तो शब्द आम्ही काढावयास लावला. बुवांच्या नावामागे घाला म्हटले, तर ते म्हणाले, "राहू द्या जी, अजून न्हायचं हाय."

रामकृष्णहरि.