जलतरण तलावातील क्लोरीन व आपले आरोग्य

ग्वाल्हेरचा ज्येष्ठ म्हणजे अग्निपरीक्षाच! अशा दिवसांत तलावातील निळे पाणी दिसताच आम्हा विद्यार्थ्यांची पावले आपोआप तिकडे वळतात. याच नगरीत १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. तेव्हा व्यायामाची थोरवी आम्हांस नव्याने सांगावयास नको. परंतु पोहून आल्यावर डोळे लाल का होतात, घसा का खवखवतो, याचा विचार आम्ही क्वचितच करतो.

तलावाचे पाणी निर्जंतुक राहावे म्हणून त्यात क्लोरीन अथवा त्याची संयुगे मिसळतात. त्यापासून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होते व ते रोगजंतूंचा नाश करते. सामान्यतः एका लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन त्यासाठी पुरेसे होते.

मग पीडा उद्भवते कोठून? घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला म्हणजे क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. डोळ्यांची आग व तो परिचित उग्र दर्प ही मुख्यतः त्यांचीच करणी. त्यांपैकी नायट्रोजन ट्रायक्लोराइड पाण्यातून सहज बाहेर पडते व पोहणारा जेथे श्वास घेतो तेथेच, पाण्याच्या पृष्ठभागालगत, साचते. बंदिस्त तलावात हवा खेळती नसेल तर खोकला येतो. दमेकऱ्यांस तर विशेष त्रास होतो. तेव्हा उग्र दर्प हे स्वच्छतेचे लक्षण नसून बहुधा अस्वच्छतेचे होय!

क्लोरीन वायूचा धोका याहून भयंकर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड येथील कासारवाडीच्या तलावावर या वायूची गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. म्हणून गळती होताच वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, उंच व मोकळ्या जागी जावे. ब्लीचिंग पावडर व आम्ल ही तर कधीही एकत्र करू नयेत.

औषधाची मात्रा राखणे हे व्यवस्थापकांचे काम खरे. परंतु अर्धा उपाय आपल्याच हाती आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने स्नान करावे, लघवीस जाऊन यावे, डोळ्यांस चष्मा लावावा व बाहेर येताच पुन्हा अंग धुवावे. तलाव सर्वांचा आहे. आपण त्यात जे मिसळतो, तेच आपल्या शेजाऱ्याच्या श्वासात जाते, हे आपण विसरता कामा नये.