धुराड्याच्या चुलीची निगा व सफाई

भिवपुरीच्या डोंगरपायथ्याच्या वीजगृहातून 1922 पासून मुंबईस वीज जात आहे. त्याच परिसरातील वाड्यांवर मात्र अंघोळीचे पाणी आजही बहुधा चुलीवरच तापते. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस आला. परंतु सिलिंडरला रोख पैसा लागतो व सरपण रानातून मिळते, म्हणून भाकरी आणि पाणी चुलीकडेच राहिले. तेव्हा जी चूल रोज पेटते तिची निगा कशी राखावी, हे शेतकरी कुटुंबांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

धुराड्याची चूल आपणास नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल पुढे आली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघराविषयीची आपली पुस्तिका 1953 साली प्रसिद्ध केली. पुढे 1983 च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व तो 2002 पर्यंत चालला. चुली लाखोंनी बांधल्या गेल्या. पण त्यांतील पुष्कळशा थोड्याच वर्षांत निकामी झाल्या. त्याचे एक मोठे कारण असे की, चूल बांधून देणारा निघून गेला आणि धुराडे कसे झाडावयाचे हे घरच्या बाईस कोणी दाखविले नाही. तुंबलेले धुराडे हे धुराडे नसण्याहूनही वाईट होय. कारण धूर बाहेर जात आहे अशा भरवशावर माणसे दार-खिडकी लावून घेतात.

धुराडे तुंबते ते मुख्यतः ओल्या लाकडामुळे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड जळण्यापेक्षा धुमसते अधिक. त्याचा धूर नळीत थंड होतो व डांबरासारखी चिकट काजळी आतून बसते. कर्जत-खालापुरात चार महिने पाऊस कोसळतो, म्हणून आगोटीच्या तयारीत मीठ-मसाल्याबरोबर सरपणही धरावे. फाल्गुन-चैत्रात लाकूड फोडून, जमिनीपासून वर, पागोळीच्या आत रचून ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला व टोकांना चिरा दिसल्या तर लाकूड वाळले असे समजावे. चुलीच्या अगदी वर किंवा तोंडाशी लाकडे वाळत घालण्याची रीत मात्र सोडावी. पुष्कळ आगी तेथूनच लागतात.

आता सफाई. आगोटीपूर्वी, कौले कोरडी असताना, एकदा वरून धुराडे पुरते साफ करावे. चूल पूर्ण निवलेली असावी. नारळाच्या काथ्याचा नळीत जेमतेम बसेल असा बोळा सुंभाला बांधावा, खाली दगडाचे वजन द्यावे आणि तो वरखाली ओढावा. चुलीचे तोंड आधी ओल्या गोणपाटाने झाकावे, म्हणजे काजळी घरभर उडणार नाही. नाकातोंडाला फडके बांधावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर कोणीही चढू नये. त्या वेळी धुराड्याच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून बांबूच्या काठीला बोळा बांधून काजळी पाडावी व भोक पुन्हा मातीने लिंपून घ्यावे. असे भोक नसल्यास ते करून घ्यावे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात पंधरवड्याने तपासणी पुरे. काजळीचा थर तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका झाला, की थांबू नये. सफाईनंतर पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो बाहेर वळला तर अडथळा राहिला आहे.

सरकारी कार्यक्रमातील जुन्या चुलींना कित्येक ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटची नळी आहे. ती कोरडी खरवडू नये, तारेच्या ब्रशाने घासू नये, फोडू तर मुळीच नये. तिची धूळ फुप्फुसास घातक असते. शक्य तेव्हा ती भिजवून, अखंड उतरवून दुसरी बसवावी.

कुडाच्या भिंती व पेंढ्याचे छप्पर असेल तेथे नळी आणि छप्पर यांत हातभर मोकळे अंतर व मध्ये पत्रा असावा. नळीतील काजळी पेटली तर घोंघावल्यासारखा आवाज येतो व वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी प्रथम मुले व म्हातारी माणसे बाहेर काढावी. शक्य असल्यास चुलीचे तोंड राखेने किंवा ओल्या मातीने बंद करावे. नळीत पाणी ओतू नये, तापलेली नळी तडकते. पाणी बाहेरून छपरावर मारावे. त्यानंतर नळी तपासल्याशिवाय चूल पेटवू नये.

दुसरा धोका न दिसणारा आहे. कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वासही नाही. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याचा प्रघात या दृष्टीने फार धोक्याचा आहे. तिला ऊब हवी हे खरे, पण ती कपड्यांनी व पांघरुणाने द्यावी. घरातील दोघातिघांचे डोके एकदमच दुखू लागले, मळमळ व घेरी आली, तर ते पित्त समजू नये. सर्वांना तत्काळ उघड्यावर आणावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिली राख. वरून विझलेली दिसली तरी तिच्यातील निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. म्हणून ती बांबूच्या टोपलीत किंवा कुडाशी न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी. पूर्ण निवलेल्या राखेत पालाश असते; ती परसातील वेलांना बेताने द्यावी. ताज्या शेणात अथवा युरियात ती मिसळू नये, नत्र वायुरूपाने उडून जातो.